२०११-१२ च्या प्रीमियर लीगचं विजेतेपद ठरवणारे गोल

मँचेस्टर सिटीचे चाहते अ‍ॅग्वेरोच्या हंगामाच्या शेवटच्या सामन्यातल्या ९४व्या मिनिटाच्या गोलाची आठवण काढतात. तो गोल अजरामरच! पण त्याने सिटीला फक्त मँचेस्टर युनायटेडच्या बरोबरीत आणलं: दोघांचे ८९ गुण. विजेतेपद दिलं गोलफरकाने, ६४ विरुद्ध ५६. म्हणून माझ्या मते खरा निकाल २३ ऑक्टोबरलाच, ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेडविरुद्धच्या ६-१ विजयात लिहिला गेला. कुणी म्हणेल, अ‍ॅग्वेरो चुकला असता तर युनायटेडच जिंकलं असतं. मान्य. पण ओल्ड ट्रॅफर्डवरचा तो सामना सिटीने २-१ असाच जिंकला असता तर? दोघांचे ८९ गोल, दोघांवर २९ गोल, फरक ६०! सगळंच समसमान. त्या दिवशी ८९व्या मिनिटानंतर झेको आणि सिल्व्हाने तीन गोल केले. जिंकलेल्या सामन्यातही थांबायचं नाही, हीच त्या संघाची ताकद.