नौकांचे निसर्गछायाचित्रण

नौकांचे निसर्गछायाचित्रण हा निसर्गछायाचित्रणाचा एक उपप्रकार आहे. यात होडी, नाव किंवा तराफा पाणी, काठ व आकाश यांच्या संदर्भात टिपला जातो. नौकेमुळे विस्तीर्ण पाण्याच्या आकारमानाचा अंदाज येतो, तसेच ती पाण्यावर आहे की कोरड्या पात्रात, यावरून पाण्याची स्थिती कळते. मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात यामुळे अशा छायाचित्रांना दस्तऐवजाचे मूल्यही प्राप्त होते.

स्थानिक परिस्थिती

नांदेड शहर गोदावरीच्या काठी वसले आहे. नगीना घाट, बंदा घाट आणि शहराजवळील विष्णुपुरी प्रकल्पाचा जलाशय ही तेथील नदीदर्शनाची परिचित ठिकाणे आहेत. गोदावरी येथे स्थूलमानाने पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. त्यामुळे सकाळी प्रवाहाच्या दिशेने पाहिल्यास सूर्य समोर येतो व नौका गडद छायाकृतीप्रमाणे दिसते. प्रवाहाच्या उलट दिशेने पाहिल्यास तिचे रंग व पोत उजळतात. सायंकाळी हा क्रम उलटतो. लातूर जिल्ह्यातून मांजरा नदी वाहते. लातूर शहराला पाणी पुरवणारे मांजरा धरण बीड जिल्ह्यातील धनेगाव येथे आहे.

रचना

चौकटीचे उभे-आडवे तीन समान भाग करून मुख्य विषय त्यांच्या छेदनबिंदूजवळ ठेवण्याच्या पद्धतीस एकतृतीयांश नियम म्हणतात. जॉन थॉमस स्मिथ यांनी 1797 मध्ये निसर्गचित्रांच्या संदर्भात हा शब्दप्रयोग केला. नौकेची नाळ, म्हणजे पुढचे टोक, ज्या दिशेस असेल त्या बाजूस अधिक जागा सोडल्यास गतीचा भास टिकतो. बांधलेल्या होडीचा दोर व खुंट चौकटीत राहिल्यास ती स्थिर का आहे हे समजते.

संपूर्ण प्रतिबिंब हवे असल्यास नौकेच्या खाली पुरेशी जागा ठेवावी लागते. ध्रुवीकरण फिल्टर पाण्यावरील चकाकी कमी करतो. पाण्याच्या पृष्ठभागाशी सुमारे 37 अंशांचा कोन करून पाहिल्यास त्याचा परिणाम सर्वाधिक असतो. मात्र त्याने प्रतिबिंबही फिके होते.

संपादन

रॉ स्वरूपातील 14 बिटच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगवाहिनीस 16,384 पातळ्या उपलब्ध असतात, तर 8 बिटच्या जेपेग फाइलमध्ये 256. त्यामुळे उजळ आकाश व गडद नौका यांचा मेळ घालण्यास रॉ फाइल अधिक उपयुक्त ठरते.

चित्र सरळ करताना केवळ काठाच्या रेषेवर विसंबणे चुकीचे ठरू शकते, कारण दूर जाणारा काठ चित्रात स्वाभाविकपणे तिरका दिसतो. संथ पाण्यात एखाद्या बांबूचे टोक व त्याच्या प्रतिबिंबाचे टोक जोडणारी रेषा उभी आहे का, हे पाहणे अधिक विश्वसनीय असते. आकाशाचे प्रतिबिंब प्रत्यक्ष आकाशापेक्षा बहुधा गडद असते. ते अधिक उजळ केल्यास चित्र कृत्रिम वाटते.

दोन चित्रांचा संयोग ही पद्धत जुनी आहे. फ्रेंच छायाचित्रकार ग्यूस्ताव ल ग्रे यांनी 1850 च्या दशकात आपल्या काही सागरचित्रांत आकाश व समुद्र यांच्या स्वतंत्र निगेटिव्ह जोडल्या. त्या काळच्या काचपट्ट्या निळ्या प्रकाशाला अधिक संवेदनशील असल्याने समुद्राचा तपशील नीट उमटेपर्यंत आकाश पांढरे पडत असे.

दस्तऐवजी मूल्य

कलात्मक चित्रात असे बदल मान्य असले, तरी नोंद म्हणून वापरल्या जाणाऱ्या चित्रात ते दिशाभूल करू शकतात. पावसाळ्यातील गोदावरीचे गढूळ तपकिरी पाणी निळे केल्यास ऋतूची खूण नाहीशी होते. जलपर्णी किंवा उघडा पडलेला चिखल पुसल्यास नदीची अवस्था लपते. काठाचा भाग कातरल्यास पाणी किती मागे हटले हे कळत नाही.

याचे महत्त्व टंचाईच्या काळात स्पष्ट होते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. 12 एप्रिल रोजी पोहोचलेल्या पहिल्या गाडीत सुमारे 5 लाख लिटर पाणी होते. अशा वर्षी कोरड्या पात्रात टेकलेली होडी आणि भरल्या वर्षी त्याच जागी तरंगणारी होडी यांची तुलना करायची असल्यास दोन्ही चित्रे एकाच ठिकाणाहून व समान चौकटीत घ्यावी लागतात. त्यांसोबत स्थळ व दिनांकाची नोंद ठेवणे आणि मूळ फाइल जपणे आवश्यक असते.