जाळीवर उरलेले गोटे

विदर्भात घर बांधायला काढलं की दारात रेतीचा ट्रक येतो, मजूर तिरकी जाळी उभी करतात आणि फावड्याने रेती तिच्यावर फेकायला लागतात. बारीक रेती जाळीपलीकडे पडते. गोटे घरंगळत पायथ्याशी जमतात आणि पुढे कुठला तरी खड्डा बुजवायला जातात. चंद्रपूर-गडचिरोलीत कुणाला दगड घोटण्याचा छंद लावून घ्यायचा असेल, तर त्याने यंत्राची किंमत विचारण्याआधी या ढिगापाशी बसावं, असं माझं ठाम मत आहे. टम्बलर नावाचं यंत्र नदीचंच काम करतं, पण नदी जी निवड करते ती त्याला करता येत नाही. वर्धा नदी मुलताईला उगम पावून काळ्या बेसाल्टच्या मुलखातून वाहते. त्या खडकाच्या पोकळ्यांत तयार झालेले अकीक आणि जास्पर सुटून तिच्या पात्रात येतात. वैनगंगा गारगोट्या आणि क्वार्टझाइट घेऊन येते. चपराळ्याजवळ दोघी मिळून प्राणहिता होईपर्यंत जे ठिसूळ होतं त्याचा बहुतेक गाळ झालेला असतो. जाळीवर अडलेला गोटा ही परीक्षा देऊन आलेला असतो.

यंत्र दिसायला अगदी साधं आहे. रबराचं अस्तर लावलेला ड्रम, त्याखाली फिरणारे दोन दांडे, एक पट्टा आणि लहानशी मोटर. ड्रम दोन-तृतीयांशाहून थोडा जास्त भरायचा, दगड जेमतेम बुडतील इतकं पाणी घालायचं, सिलिकॉन कार्बाइडची जाड भुकटी टाकायची आणि झाकण घट्ट लावून आठवडाभर रात्रंदिवस फिरवत ठेवायचं. सगळी करामत ड्रमच्या आत चालते. ड्रम वळतो तसे दगड एका बाजूने वर चढतात आणि ढिगाचा वरचा थर दरड उतरावी तसा खाली सरकतो. या सरकण्यातच भुकटी दगडांमध्ये सापडून त्यांना झिजवते. वेग जास्त झाला तर दगड भिंतीला चिकटून नुसते फिरतात. ड्रम रिकामा राहिला तर ते वरून आपटतात आणि त्यांच्या अंगावर चंद्रकोरीसारख्या चिरा पडतात. अकिकाची कठीणता ७ च्या आसपास, सिलिकॉन कार्बाइडची ९ च्या वर; म्हणून हे जमतं. पुढच्या दोन आठवड्यांत भुकटी बारीक करत न्यायची आणि शेवटी ॲल्युमिनियम ऑक्साइडने किंवा सेरियम ऑक्साइडने चकाकी आणायची. दर टप्प्याला दगड, ड्रम, झाकणाची खाचसुद्धा ब्रशने धुवावी लागते, कारण जाड भुकटीचा एखादा चुकार कण शेवटच्या टप्प्यात शिरला तर सगळ्या दगडांवर ओरखडे उठतात. काम साधलं की नाही, याची खूण एकच: ओला असताना दगड जसा दिसतो, तसाच तो पुसून कोरडा केल्यावर दिसला पाहिजे.

मग यात माणसाचं कसब काय, सगळं तर मोटरच करते, असा आक्षेप येतो. खंबातला अशी पॉलिश केलेली अकिकं तयार मिळतात. तिथे पूर्वी दगड आणि भुकटी चामडी पिशवीत भरून दोन माणसं ती पिशवी दिवसचे दिवस जमिनीवर लोळवत. आता तिथेही विजेवरचे ड्रम आले आहेत. आक्षेप अर्धा खरा आहे. झिजवण्यात कसब थोडंच लागतं. ते लागतं काय झिजवायचं हे ठरवण्यात. कोरपना-गडचांदूरकडचा चुनखडक, ज्याच्यावर सिमेंटचे कारखाने उभे आहेत, त्याची कठीणता ३ च्या आसपास. अकिकासोबत टाकला तर त्याचा चिखल होतो आणि त्या चिखलात बाकीच्यांचं घोटणंही मंदावतं. पोलादी खिळ्याने ओरखडा उठतो का, लिंबाच्या रसाने फेस येतो का, चोळल्यावर वाळूचे दाणे सुटतात का, हे ज्याने गोट्यागोट्याला विचारलं, त्याला आपल्या नदीचा भूगोल कळायला लागतो. तो विकत मिळत नाही.

निवडीचा खरा कस मात्र पुढेच आहे, आणि त्याचीच मला जास्त काळजी वाटते. चंद्रपूर शहरालगतच्या पापामिया टेकडीवर अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं सापडली आहेत. सिरोंचा तालुक्यातल्या वडधमला अश्मीभूत लाकूड आहे. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या कोटा थरांतून निघालेल्या बारापासॉरस या डायनासोरचा सांगाडा आज कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये उभा आहे. अडचण अशी की अशा हत्यारांचा गारेसारखा कठीण दगड आणि सिलिकाने भरलेलं लाकूड, दोन्ही टम्बलरमध्ये सुरेख चकाकतात. हत्याराला धार देताना उडवलेल्या कपच्यांच्या खुणा पहिल्याच आठवड्यात पुसल्या जातात. लाकडाच्या तुकड्याची वर्तुळं उठून दिसतील, पण तो कुठल्या थरातला, हे कायमचं हरवतं. नदीत लाखो दगड आहेत, एक उचलला तर काय बिघडतं, असं म्हणणाऱ्याला हेच उत्तर: नदीतला गोटा आधीच आपली जागा सोडून आलेला असतो, टेकडीवरचा अजून जागेवर असतो. कायदाही इथे स्पष्ट आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार जंगलातला दगडही वनोपजच ठरतो, आणि ताडोब्यातून तर काहीच उचलायचं नसतं.

घरातल्या अडचणी त्यामानाने लहान, पण त्याही आधीच सांगितलेल्या बऱ्या. ४० वॉटची मोटर धरली तर दिवसाला जवळपास एक युनिट वीज जाते. चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो त्या दिवसांत मोटर तापते, म्हणून हे काम थंडीतलं. ड्रममध्ये कधी वायू साठतो, तेव्हा झाकण अधूनमधून जपून उघडावं. उरलेला राडा मोरीत ओतू नये, तो सिमेंटसारखा बसतो. तो घरात वाळूही देऊ नये: सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस होतो, आणि खंबातच्या अकीक कारागिरांनी त्याची किंमत फुप्फुसांनी मोजली आहे. म्हणून दगड कोरडा घासायचा नाही, कधीच नाही.

शेजारी बांधकाम निघालं की घरमालकाला विचारा आणि जाळीच्या पायथ्याशी बसा. तीन पौंडी ड्रमला किलोभर गोटे पुरतात.