लोखंडी बेंच आणि आदिलाबादची हवा

दिवाळीच्या सुमारास आदिलाबादच्या कापूस बाजारात सगळ्यांचे डोळे एका लहानशा यंत्रावर लागलेले असतात. गाडीतल्या कापसात ते खुपसले की आकडा दिसतो. ओल आठ टक्के असेल तर पूर्ण हमीभाव, त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत कपात आणि बाराच्या वर गेली तर भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) खरेदीच करत नाही. पहाटेच्या दवात गाडी उभी राहिली तर घरून कोरडा निघालेला कापूसही या परीक्षेत नापास होतो. हवेतली ओल डोळ्यांना दिसत नाही, पण ती पैशांत मोजता येते, हे इथल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

तीच ओल महामार्गाच्या कडेच्या वर्कशॉपमध्येही असते. ट्रॅक्टरचे नांगर, पेरणी यंत्रे, ट्रॉल्यांचे जू, जिनिंगच्या यंत्रांचे सुटे भाग हे सारे ज्या लोखंडी बेंचवर दुरुस्त होते, त्या बेंचच्या पत्र्यावर ती रोज बसते. मोजायला तिथे यंत्र नसते. काही दिवसांनी नारिंगी डाग उमटले की कळते, आणि तोवर उशीर झालेला असतो. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर, आदिलाबाद असो, पांढरकवडा असो की किनवट, अशी वर्कशॉप्स गावोगाव आहेत. त्यांच्या बेंचबद्दल कोणी लिहीत नाही. म्हणून हा लेख.

चांगला बेंच म्हणजे अँगलच्या पायांवर दहा किंवा बारा मिलिमीटर जाडीची साध्या लोखंडाची, म्हणजे एमएसची, प्लेट. दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशी दहा मिलिमीटरची प्लेट सुमारे १५७ किलो भरते. नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो, की गंजते तर रंग का देत नाही? पायांना रंग द्यावाच, रेड ऑक्साइडचे दोन हात देऊन वर ऑइलपेंट. वरच्या पृष्ठभागाला मात्र रंग चालत नाही. वेल्डिंगची अर्थची वायर बेंचला लावलेली असते आणि करंट परत जाण्याची वाट त्या प्लेटमधूनच असते. रंग ती वाट अडवतो आणि ठिणगीखाली जळून धूर करतो. गंजही तीच वाट अडवतो. गंजलेल्या बेंचवर आर्क अडखळतो, रॉड चिकटतो आणि मिस्त्री मशीनला दोष देतो. शिवाय गंजाला मूळ लोखंडाहून कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे पृष्ठभाग फुगतो आणि पुढे खड्डे पडतात. अशा प्लेटवर गुण्या धरून जुळवलेली चौकट सरळ येणार कशी? बेंच उघडा ठेवायचा आणि गंजूही द्यायचा नाही, ही खरी अडचण आहे.

लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात, हे शाळेत शिकवले जाते. किती पाणी पुरे, हे तिथे सहसा सांगत नाहीत. १९३०च्या दशकात व्हर्नन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखवले, की हवेतली सापेक्ष आर्द्रता एका मर्यादेखाली असेल तर लोखंड जवळजवळ गंजतच नाही आणि ती ओलांडली की गंजण्याचा वेग एकदम वाढतो. स्वच्छ पृष्ठभागासाठी ही मर्यादा साधारण साठ-सत्तर टक्क्यांच्या आसपास धरतात. थेंब दिसण्याची गरज नसते, डोळ्याला न दिसणारा पाण्याचा पापुद्रा पुरतो. आदिलाबादच्या एप्रिल-मे महिन्यांत हवा इतकी कोरडी असते, की उघडी प्लेट आठवडे चकचकीत राहते. जून ते सप्टेंबर या काळात हीच हवा कित्येक दिवस सलग मर्यादेच्या वर असते.

पृष्ठभाग स्वच्छ नसेल तर मात्र सगळे गणित बदलते, आणि इथल्या बेंचचा खरा शत्रू मला इथेच दिसतो. मृगाच्या आधी पेरणी यंत्रे दुरुस्तीला येतात. त्यांच्या पेट्यांत गेल्या वर्षीचे खत चिकटलेले असते. पेटी बेंचवर उलटी केली, दोन ठोके मारले की पांढरी-तांबडी भुकटी प्लेटभर पसरते. तिच्यात युरिया असतो, पोटॅश असते. तीस अंश तापमानाला युरिया सुमारे ७२ टक्के आर्द्रतेच्या पुढे हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळू लागतो, पोटॅश ८४ टक्क्यांच्या पुढे. दोन्ही एकत्र आले की ही मर्यादा साठापर्यंत उतरते. शेतात दोन खते मिसळून पोत्यात ठेवली की त्यांचा लगदा का होतो, त्याचे कारण हेच आहे, आणि बेंचवरही तेच घडते. पाऊस नाही, गळती नाही, तरी प्लेटवर ओलसर ठिपके दिसतात. त्यात पोटॅशच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग क्लोराइड. क्लोराइड लोखंडावरचा संरक्षक थर टिकू देत नाही आणि जिथे शिरते तिथे खोल खड्डा पाडते. वरचा गंज घासून काढला तरी खड्ड्याच्या तळाशी ते दडून राहते. तोच डाग त्याच जागी पुन्हा पुन्हा येतो तो यामुळे.

त्यामुळे खताचे यंत्र बेंचवर चढवण्याआधी बाहेर धुऊन वाळवावे, हा नियम वर्कशॉपमध्ये पाळला तर पुढची निम्मी कटकट वाचते. भुकटी पडलीच तर आधी कोरड्या ब्रशने झाडायची, मग ओल्या फडक्याने पुसायची. लोखंडाला पाणी लावायचे म्हटले की लोकांचा हात थबकतो, पण मीठ आणि खत तेलाने निघत नाही, पाण्यानेच निघते. दोनदा स्वच्छ पाण्याने पुसावे, लगेच कोरड्या फडक्याने आणि मग गॅसच्या हलक्या ज्वालेने किंवा उन्हाने वाळवावे. खतावरच तेल फासले तर खत तेलाखाली कोंडले जाते आणि निवांत काम करत राहते.

मीठ हाताच्या घामातही असते. वैशाखात कारागिराच्या तळव्यांचे ठसे प्लेटवर उमटतात आणि पहिल्या पावसाला नेमक्या त्याच ठशांच्या आकाराचा गंज येतो. ट्रॅक्टरची बॅटरी बेंचवर चार्जिंगला लावू नये, तिच्यातून आम्लाचे बारीक तुषार उडतात. सर्वांत वाईट म्हणजे संडास धुण्याच्या ॲसिडची अर्धवट झाकलेली बाटली. त्या हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ बंद वर्कशॉपमध्ये रात्रभर फिरते आणि सकाळी पाने, ड्रिलचे बिट, बेंच यांवर एकसारखा तांबूस थर दिसतो. अशी बाटली वर्कशॉपच्या आत ठेवूच नये.

हिवाळ्याची गोष्ट निराळी. तेलंगणात थंडी म्हटली की आदिलाबादचे नाव आधी येते, पारा एक आकडी होतो. दीडशे किलोची प्लेट रात्रभर गारठते आणि सकाळी लवकर तापत नाही. बाहेरची हवा उबदार होऊन आत आली की प्लेटला घाम फुटतो. हिशेब सोपा आहे. हवा २५ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर १९ अंशांच्या खालच्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी धरते. गॅस कटिंगची ज्वाला गार प्लेटला लावली की क्षणभर ओलसर धुकट वर्तुळ दिसते, ते प्रत्येक वेल्डरने पाहिलेले असते. पुष्कळांना वाटते की लोखंडातली ओल बाहेर आली. ती ज्वालेतूनच आलेली असते. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होते. बंद खोलीत शेगडी पेटवून ऊब घेणाऱ्या वर्कशॉपमध्ये हे सारे पाणी सर्वांत गार वस्तूवर जाऊन बसते, आणि ती वस्तू म्हणजे बेंच.

रात्री बेंचवर प्लॅस्टिकचा कागद टाकून जाण्याची पद्धत दिसते. धूळ थांबते, पण ओल आत कोंडते. त्याऐवजी प्लेटवर तेलाचा पातळ हात देऊन तिला उघडी ठेवणे बरे. कापसाचा वेस्टही बेंचवर पडू देऊ नये. कापूस हवेतली ओल धरून ठेवतो, म्हणून तर बाजारात त्यातली ओल मोजतात. जिनिंगचे काम करणाऱ्या वर्कशॉपमध्ये रुईचे तंतू प्लेटवर साचतात आणि त्या प्रत्येक झुबक्याखाली गंजाचा ठिपका तयार होतो.

खंडेनवमीला बेंच धुऊन हत्यारे मांडली जातात, हळदीकुंकू वाहिले जाते, नारळ फुटतो, झेंडूची फुले पडतात. वर्षातली ही सर्वांत कसून केलेली स्वच्छता असते आणि ती पुढेही टिकावी असे मनापासून वाटते. अडचण एवढीच, की नारळाच्या पाण्यात पोटॅशियम आणि क्लोराइड दोन्ही असतात, आणि पूजा दसऱ्यापर्यंत हलवायची नाही अशी रीत अनेक ठिकाणी आहे. हत्यारांखाली लाकडी पाट किंवा केळीचे पान ठेवले आणि नारळ उंबऱ्यावर फोडला तर रीतही सांभाळली जाते आणि प्लेटही.

आता तेलाचे. दोन चौरस मीटरच्या प्लेटला एक चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर तेल पुरते. तेवढ्याचा थर अडीच मायक्रॉन होतो, आपल्या केसाच्या जाडीच्या अगदी लहानशा अंशाएवढा. तेवढाच हवा. जाड थरावर ग्राइंडरची भुकटी चिकटते आणि काळे लोणी तयार होते. जळके इंजिन ऑइल फुकट मिळते म्हणून लोक तेच फासतात. मला ते पटत नाही. त्यात इंजिनात तयार झालेली आम्ले असतात आणि ते कातडीलाही अपायकारक आहे. साधे मशीन ऑइल चांगले. खोबरेल चिकट होत नाही, पण साधारण २४ अंशांखाली थिजते, म्हणजे इथल्या हिवाळ्यात पसरतच नाही. शेंगदाणा किंवा सोयाबीनचे तेल काही दिवसांत चिकट होते. डब्ल्यूडी-४० पुष्कळांकडे असते. सॅन दिएगोतल्या एका लहान कंपनीने १९५३ मध्ये ते पाणी हटवण्यासाठी तयार केले आणि त्याचा पहिला वापर ॲटलस क्षेपणास्त्राच्या बाहेरच्या आवरणासाठी झाला. पाणी हटवणे हेच त्याचे काम. पावसाळाभर संरक्षणाला ते अपुरे पडते, त्यावर तेलाचा हात हवाच.

वेल्डिंगच्या जागेवरचे तेल काम सुरू करण्याआधी पुसून काढावे, नाही तर धूर होतो आणि टाक्यात बारीक छिद्रे राहतात. ब्रेक साफ करण्याच्या क्लोरीनयुक्त फवाऱ्याने पुसून त्यावर लगेच वेल्डिंग कधीही करू नये. त्या उष्णतेत फॉस्जीन हा जीवघेणा वायू तयार होऊ शकतो.

नवी प्लेट आणली की तिच्यावर रोलिंग मिलमधली निळसर काळी खपली असते. अखंड असेपर्यंत ती राखण करते. एकदा तडकली की फटीतले उघडे लोखंड खपलीपेक्षा वेगाने झिजते आणि गंज तिथेच एकवटतो. त्यामुळे मे महिन्यात, हवा कोरडी असताना, फ्लॅप डिस्कने सगळी खपली एकदाच काढून प्लेट एकसारखी करावी आणि त्याच दिवशी तेल द्यावे. नंतर रोज ग्राइंडर फिरवू नये, प्लेट खोलगट होते. वेल्डिंगचे थेंब छिन्नीने उडवावेत, हलका गंज रॉकेल आणि बारीक पॉलिश पेपरने काढावा.

गंजाचे दुसरे औषध आपल्या रानात आहे, हिरडा. त्याच्या सालीत टॅनिन भरपूर असते. टॅनिन गंजातल्या लोहाशी संयोग पावून निळसर काळे, टिकाऊ आवरण तयार करते. जुन्या शाईचा काळा रंग याच रसायनातून येई, आणि पुरातन लोखंडी वस्तू जपणारे संग्रहालयातले तज्ज्ञ आजही टॅनिक ॲसिड वापरतात. सुटा गंज घासून काढून हिरड्याचा गाळलेला काढा दोन-तीनदा लावावा आणि पूर्ण वाळू द्यावा. हे आवरण वीज नीट वाहू देत नाही, म्हणून ते बेंचच्या माथ्यावर नको. पायांच्या आतल्या बाजूला आणि प्लेटच्या खालच्या पाठीला, जिथे हात आणि नजर पोचत नाही, तिथे ते लावावे. फरशी धुताना पाय भिजतात आणि बेंच खालून कुजतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

या मुलखाचे लोखंडाशी नाते जुने आहे. निर्मळ २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. निर्मळजवळच्या दिमदुर्तीचे लोखंड पलीकडे निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रमला जाई आणि तिथल्या मुशींमध्ये त्याचे पोलाद होई. त्रिकोणमितीय सर्वेक्षणातले डॉ. हेन्री व्हॉयसे यांनी ते काम पाहून लिहिलेले वर्णन त्यांच्या मृत्यूनंतर १८३२ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. इस्फहानहून आलेला व्यापारी इथे बसून पोलाद पारखून नेई, असे त्यात आहे. २०१० मध्ये बंगळुरूची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था आणि एक्सेटर विद्यापीठ यांनी उत्तर तेलंगणातल्या अशा जुन्या भट्ट्यांच्या जागा गावोगाव फिरून नोंदल्या, त्यात आदिलाबादही होते. त्या पोलादाच्या तलवारीही गंजत, आणि त्यांनाही तेल लावूनच ठेवत. दिल्लीच्या लोहस्तंभाचे उदाहरण लोक हटकून देतात. सोळाशे वर्षे तो टिकला त्यामागे लोखंडातला जास्तीचा फॉस्फरस आहे, असे कानपूर आयआयटीचे आर. बालसुब्रमण्यम यांनी मांडले. आजच्या प्लेटमध्ये फॉस्फरस मुद्दाम कमी ठेवतात, कारण त्याने लोखंड ठिसूळ होते.

स्टेनलेसचा माथा घ्यावा का? त्यातले क्रोमियम स्वतःचे आवरण तयार करते हे खरे. पण त्याच बेंचवर साधे लोखंड घासले तर उडालेले कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि गंजतात, वर बदनाम होते ते स्टेनलेस. खर्च पाहता साध्या वर्कशॉपला एमएसच बरी.

शेवटी जवसाच्या तेलाबद्दल, कारण विदर्भाकडून ते इकडे सहज येते. ते वाळून कडक पापुद्रा धरते, म्हणून वेल्डिंग न होणाऱ्या बेंचसाठी फार चांगले. अगदी पातळ हात, मग वाळवण, मग दुसरा हात. पण वाळताना ते उष्णता सोडते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप पेटू शकतो, आणि आदिलाबादच्या वर्कशॉपमध्ये शेजारी कापूस असण्याची शक्यता मोठी. त्या चिंध्या मोकळ्या हवेत एकेक सुट्या पसरून वाळवाव्यात, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवाव्यात. संध्याकाळी कुलूप लावण्याआधी हे आठवणीने करावे.