दुसऱ्या दिवशी मांड्या का भरून येतात?

बऱ्याच वर्षांनी सोसायटीच्या क्रिकेट संघातून खेळलेल्यांना दुसऱ्या दिवशी जिना उतरणे जड जाते. ही विलंबित स्नायुदुखी (श्रमानंतर उशिरा जाणवणारे स्नायूंचे दुखणे). साधारण २४ ते ७२ तासांत ती सर्वाधिक असते. लॅक्टिक ॲसिड साचल्याने असे होते, हा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात या ॲसिडचे शरीरातील रूप असलेले लॅक्टेट (जोरदार श्रमात स्नायूंत तयार होणारा पदार्थ) तास-दोन तासांत पूर्वपातळीवर येते. दुखण्यामागे असतात धावताना एकदम थांबल्याने स्नायुतंतूंना होणाऱ्या सूक्ष्म इजा आणि त्यानंतरचा दाह. सवय मोडलेल्या हातांना कुदळीने फोड यावेत, तसेच हे. खेळत राहिल्यास त्रास घटतो. मात्र खेळतानाच कळ आली, सूज चढली किंवा लघवी काळपट झाली, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे.