पहिली कुस्ती : नवशिक्या मल्लाची तयारी आणि आखाड्याची परिभाषा

नाशिक जिल्ह्यातील गावोगावच्या यात्रांत दुपार कलल्यावर कुस्त्यांचा जो फड भरतो, त्याचा आरंभ लहान मुलांच्या कुस्त्यांनी होतो. या कुस्त्या रेवड्यांवर किंवा नारळावर लागतात, आणि म्हणून त्यांना ‘रेवड्यांच्या कुस्त्या’ असेच नाव पडले आहे. पुढे इनामाची रक्कम जसजशी वाढत जाते, तसतसे पहिलवानही मोठे होत जातात. ‘शेवटची कुस्ती’ या शब्दप्रयोगाचा अर्थ त्यामुळे केवळ क्रमाने अखेरची असा न राहता सर्वांत मोठी असा झाला आहे. याच न्यायाने फडातील पहिली कुस्ती ही सर्वांत क्षुल्लक ठरावी. तथापि ज्या मुलाच्या आयुष्यातील ती पहिली असते, त्याच्या दृष्टीने तिच्याइतकी मोठी कुस्ती पुढे क्वचितच होते. या मुलाला आखाड्यात उतरण्यापूर्वी काय शिकविले जाते आणि ते कोणत्या शब्दांनी शिकविले जाते, हे दोन प्रश्न वरवर पाहता भिन्न वाटतात. वस्तुतः ते एकच आहेत.

मुष्टियुद्धाशी तुलना केली असता ही गोष्ट स्पष्ट होण्यास मदत होते. हौशी मुष्टियुद्धात नवोदिताचा पहिला सामना सर्व बाजूंनी बांधलेला असतो : वजन काट्यावर ठरते, फेऱ्या तीन, प्रत्येक फेरीला घंटा आणि दोन फेऱ्यांमध्ये विसावा. केव्हा तरी घंटा होणार आहे, हे नवशिक्याला ठाऊक असते. यात्रेतील मातीच्या कुस्तीत जोड पंचांच्या नजरेने लागते. दोन मुलांना शेजारी उभे करून त्यांची उंची, छाती आणि मांड्या पाहिल्या, की काम झाले. परंपरागत पद्धतीत कुस्तीला वेळेची मर्यादाही नसे. पाठ मातीला लागून कुस्ती निकाली होईपर्यंत, किंवा पंच कंटाळून ती बरोबरीत सोडवीपर्यंत, लढत चाले. अशा लढतीत पहिल्यांदाच उतरलेला मुलगा बहुधा प्रतिपक्ष्याच्या डावाने पडत नाही. तो स्वतःच्या श्वासाने पडतो. भोवतालचा आरडाओरडा, हलगीचा कडकडाट आणि अंगात भरलेली भीती यांमुळे तो पहिल्या काही क्षणांतच सगळे बळ ओतून मोकळा होतो, आणि मग त्याचे हात जड होतात. मुष्टियुद्धातील नवशिक्याचीही हीच गत होते. तेथे निदान घंटा त्याला वाचविते.

फारसीतून आलेला ‘दम’ हा शब्द मुळात श्वास एवढाच अर्थ सांगतो. मराठीत मात्र दम लागतो, दम धरावा लागतो, दम काढावा लागतो, दम सुटतो, दम दिला जातो आणि दम भरलाही जातो. श्वास, धीर, टिकाव आणि धाक हे सारे अर्थ एकाच शब्दात गोळा झालेले आहेत. वस्ताद मुलाला ‘दम धर’ म्हणतो तेव्हा त्याला थांबण्यास सांगितले आहे, श्वास राखण्यास सांगितले आहे, की भिऊ नकोस असे सांगितले आहे, याचा उलगडा करण्याचे कारण पडत नाही. तिन्ही गोष्टी शरीराच्या एकाच कृतीने साधतात.

हा दम ज्या मेहनतीने येतो, तिचा क्रम ठरलेला आहे. हौदातील तांबडी माती तेल, ताक, हळद, लिंबू इत्यादी घालून मऊ केलेली असते. ती रोज खणून उकरणे हाच नवशिक्याचा पहिला व्यायाम. त्यानंतर जोर आणि बैठका. उत्तर हिंदुस्थानात ज्या व्यायामाला ‘दंड’ म्हणतात, त्याला मराठीत ‘जोर’ हे नाव मिळाले, म्हणजे साध्याचे नाव साधनाला दिले गेले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. डोके आणि पावले जमिनीला टेकून पाठ उचलून धरण्याचा सराव मानेसाठी करवून घेतात, कारण चीत होण्यापूर्वीचा मल्लाचा अखेरचा आधार मानच असते. पहिले कित्येक महिने असे गेल्यावर मग लढत सुरू होते, आणि तीही आपल्याहून मोठ्या मुलाबरोबर, जो पाडण्याचे टाळून केवळ वजन टाकीत राहतो. पडावे कसे, खाली दबून असताना श्वास कसा घ्यावा आणि घाबरून पाठ कशी फिरवू नये, हे अशाने अंगवळणी पडते.

येथे संस्थेच्या नावांकडेही पाहावे. ‘आखाडा’ हा शब्द संस्कृत ‘अक्षवाट’ याचे प्राकृतातून आलेले रूप असून तो जागेचा वाचक आहे. ‘तालीम’ हा अरबी शब्द असून त्याचा मूळ अर्थ शिक्षण. मराठीने या क्रियावाचक शब्दालाच स्थळवाचक करून टाकले. त्यामुळे मुलगा तालमीत जातो, तेव्हा तो एका इमारतीतही जातो आणि एका शिक्षणातही. ‘उस्ताद’चा ‘वस्ताद’ झाला, ‘कुस्ती’, ‘पहिलवान’, ‘खुराक’ हे शब्द फारसीतून आले. ‘मल्ल’, ‘जोड’, ‘डाव’, ‘बैठक’ हे इथलेच. आखाड्याची भाषा ही अशी मिश्र आहे आणि तिला त्याचा संकोच नाही.

प्रत्यक्ष तंत्राचा विचार करता पहिल्या कुस्तीसाठी फार थोडे पुरते. प्रथम पवित्रा : एक पाय पुढे, गुडघे किंचित वाकलेले, कंबर खाली, मान ताठ, हात पुढे पण कोपरे अंगाशी. मग हात मिळविल्यानंतरची खडाखडी, जीत मनगट, मान आणि दंड यांना हात लावून प्रतिपक्ष्याचा तोल व ताकद अजमावली जाते. नवशिक्याला ही खडाखडी निरर्थक वाटते आणि तो एकदम पायांवर झेप घेतो. वस्ताद त्याला आवरतो, कारण खडाखडी ही प्रश्नोत्तरे आहेत. मानेवर हात दाबला असता समोरचा मान वर उचलतो की पाय मागे घेतो, यावरून कोणता डाव लागू पडेल, हे कळते.

डावांपैकी एकेरी पट हा बहुधा आधी शिकवितात. ‘पट काढणे’ म्हणजे खाली वाकून प्रतिपक्ष्याच्या मांडीला मिठी मारणे आणि त्याला मातीवर आणणे. हिंदी-पंजाबीत ‘पट’ किंवा ‘पट्ट’ म्हणजे मांडी. मराठीत हा अर्थ एरवी आढळत नाही; तो कुस्तीबरोबर उत्तरेकडून आला आणि आखाड्याच्या हद्दीतच राहिला. ‘चितपट’मधील ‘पट’ निराळा. तेथे ‘चित’ म्हणजे उताणा व ‘पट’ म्हणजे पालथा, असे दोन विरुद्ध अर्थांचे शब्द एकत्र येऊन मराठीत पूर्ण पराभव एवढाच अर्थ उरला आहे. पट शिकविताना त्याची तोडही लगेच शिकवितात : दोन्ही पाय झटकन मागे टाकून आपल्या छातीचा भार त्याच्या खांद्यावर द्यावयाचा. डाव आणि तोड ही आखाड्यातील जोडी वेगळी करता येत नाही, कारण ज्याला तोड ठाऊक नाही त्याला डाव कोठे फसतो हेही ठाऊक नसते.

डावांची नावे पाहिली असता एक गोष्ट प्रथमदर्शनीच जाणवते, की त्यांतील बहुतेकांवरून कृतीचा बोध होत नाही. ‘धोबीपछाड’ला चित्र आहे : हात खांद्यावरून ओढून, पाठ देऊन, धोबी कपडा आपटतो तसे आपटणे. ‘टांग’मध्ये निदान अवयव सांगितलेला आहे. परंतु ‘ढाक’, ‘कलाजंग’, ‘घिस्सा’ ही नावे ज्याने तो डाव अंगावर झेललेला नाही, त्याला काहीच सांगत नाहीत. सामान्य परिभाषेत हा दोष मानला गेला असता. आखाड्यात तो नव्हे. येथे नावाचे काम वर्णन करणे हे नसून शरीराने आधीच साठविलेली कृती जागी करणे हे आहे. हौदाच्या कडेवरून वस्ताद ‘टांग!’ एवढेच ओरडतो, आणि विचार मध्ये न येता मुलाचा पाय हलतो. म्हणूनच पहिल्या कुस्तीच्या आधी जाणता वस्ताद नवा डाव सांगत नाही. गोंगाटात दोन अक्षरांच्या हाकेने जे जागे होईल तेवढेच त्या दिवशी मुलाजवळ असते. बाकीचे शिकलेले तालमीतच राहते.

परंतु नाव आणि शरीर यांचा सांधा एकदा तुटला, की काय शिल्लक राहते, याचा पुरावा ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मिळतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्याचे बिरुदच ‘भूलोकमल्ल’ असे होते, त्याच्या नावावर असलेला हा संस्कृत ग्रंथ इ. स. ११३० च्या सुमाराचा. त्यातील ‘मल्लविनोद’ या प्रकरणात मल्लांचे वर्ग, त्यांचा आहार आणि त्यांची मेहनत यांविषयी माहिती आहे. डावांची मात्र नावे आहेत, त्यांची रीत नाही. ग्रंथकाराला ती सांगण्याची गरज वाटली नसावी, कारण ज्यांना नावे ठाऊक त्यांना डावही ठाऊक होते. आज त्या नावांपैकी अनेकांचा अर्थ निव्वळ तर्काने लावावा लागतो. कोशकाराला शब्द मिळाला, पण हात मिळाला नाही.

नाशिकच्या परिसराशी या विषयाचा सर्वांत जुना धागा निफाड तालुक्यातील गोदाकाठच्या कोठुरे गावाचा आहे. बाळंभटदादा देवधर हे तेथले. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाच्या राज्यातील अली आणि गुलाब या दोन मल्लांनी पुण्यात येऊन आव्हान दिले, कोणी पुढे येईना, तेव्हा तरुण बाळंभटांनी ते स्वीकारून काही दिवसांची मुदत मागून घेतली, असे परंपरा सांगते. ते सप्तशृंगीच्या गडावर गेले. तेथे मारुतीने दृष्टांत देऊन लाकडी खांबावरची विद्या शिकविली. परत येऊन त्यांनी गुलाबला पाडले आणि अलीने माघार घेतली. दृष्टांताचा भाग श्रद्धेचा आहे. मात्र कथेतील मूळ अडचण पूर्णपणे व्यावहारिक आहे : आपल्याहून बलवान प्रतिपक्ष्याशी लढायचे, आणि सरावाला तसा जोडीदार नाही. एरंडेल चोळलेला गुळगुळीत मल्लखांब हा असा जोडीदार होय. तो दमत नाही आणि दयाही करीत नाही. पकड किंचित ढिली पडली, की मनुष्य घसरून खाली येतो. अढी, तेढी, बगली, दसरंग यांनी मांड्या, काखा आणि मनगटे यांना मिळणारी घट्ट पकड कुस्तीत जशीच्या तशी कामी येते. मल्लखांब आता स्वतंत्र क्रीडाप्रकार झाला असून त्याचा हा हेतू पुष्कळांच्या स्मरणातून गेला आहे. नावात मात्र ‘मल्ल’ टिकून आहे.

मातीवरून गादीवर जाताना हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिकमध्ये उतरले, तेव्हा गादी आणि तेथील नियम या दोहोंचा त्यांना फारसा सराव नव्हता. ते सहावे आले. चार वर्षांनी, १९५२ मध्ये, हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पहिल्या खेपेची अडचण बळाची नव्हती. मातीत पालथे पडून राहणे हा बचाव आहे; खाली असलेला मल्ल पोट मातीला चिकटवून दम घेऊ शकतो. गादीवर प्रतिपक्ष्याने ताबा मिळविला, की लगेच गुण जातात, आणि आजच्या नियमांनुसार तीन-तीन मिनिटांच्या दोन डावांत सारे संपते. मातीने शिकविलेला संयम तेथे उशीर ठरतो. नवशिक्याला त्यामुळे आता दोन निरनिराळ्या तऱ्हेचे दम कमवावे लागतात.

‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धेत माती आणि गादी असे दोन्ही विभाग ठेवलेले आहेत आणि दोन्हींचे विजेते अखेरीस एकमेकांशी लढतात. जानेवारी २०२० मध्ये पुण्यात बालेवाडी येथे झालेली अशी अंतिम कुस्ती नाशिकच्या हर्षवर्धन सदगीर यांनी लातूरच्या शैलेश शेळके यांच्याविरुद्ध जिंकली. दोघेही काका पवार यांच्या एकाच तालमीत शिकलेले. एकाचा प्रत्येक डाव दुसऱ्याच्या अंगावरून अनेकदा गेलेला, आणि त्याची तोडही दोघांनी एकाच तोंडून ऐकलेली. कोणीच चीत झाले नाही. निकाल गुणांवर लागला : तीन विरुद्ध दोन.