फुकटचे ॲप, विकतचे ॲप

आमच्या घरी नवी वस्तू आली की ती आधी देवापुढे ठेवायची, हळदकुंकू वाहायचे आणि मगच वापरायला घ्यायची, अशी रीत आहे. मिक्सर आला तेव्हा असेच झाले आणि माझी प्रथम वर्षाची पुस्तके आली तेव्हाही. गेल्या पावसाळ्यात मात्र आईच्या बँक खात्यातून एकदम १,४९९ रुपये वजा झाले आणि घरात वस्तू काहीच आली नाही. आईने विचारले, "कशाचं गं एवढं पैसं गेलं?" मी म्हणाले, "ॲपचे." ती म्हणाली, "मग दाखव की." दाखवण्यासारखे माझ्यापाशी काहीही नव्हते, कारण ते ॲप मी चार दिवसांपूर्वीच मोबाईलमधून काढून टाकले होते!

माझी आई आठवडे बाजारात भाजी विकते. १,४९९ रुपये म्हणजे तिच्या दोन बाजारांची कमाई. तेव्हापासून एका प्रश्नाने माझ्या मनात घर केले : मोबाईलच्या ॲपसाठी पैसे मोजावेत काय, आणि मोजावेत तर केव्हा? या प्रश्नाचा उलगडा करताना जे हाती लागले, ते माझ्या विद्यार्थी बंधुभगिनींपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्या वर्गात याविषयी दोन तट आहेत. एक तट म्हणतो, फुकट ते पौष्टिक! लाखो ॲप्स फुकट मिळत असताना पैसे देणारा तो मूर्ख. दुसरा तट म्हणतो, दाम मोजल्याशिवाय चांगली वस्तू मिळत नाही. विचाराअंती मला दोन्ही मते अपुरी वाटू लागली.

प्रथम दुसऱ्या तटाचे मत पाहू. १० जुलै २००८ रोजी ॲपल कंपनीने आपले ॲप स्टोअर उघडले, तेव्हा त्यात सुमारे ५०० ॲप्स होती. पुढच्याच महिन्यात तेथे 'आय ॲम रिच' नावाचे एक ॲप विक्रीस आले. किंमत ९९९.९९ डॉलर! त्याचे काम एवढेच, की पडद्यावर एक लाल रत्न चमकत राही. एका दिवसात ते काढून टाकण्यात आले. परंतु तोवर त्याच्या आठ प्रती खपल्या होत्या. तेव्हा भारी किंमत म्हणजे भारी माल, हा न्याय येथे चालत नाही हे उघड आहे.

आता पहिल्या तटाकडे वळू. व्हॉट्सॲप आपण सर्वच वापरतो आणि ते फुकट आहे असे समजतो. ते २००९ साली सुरू झाले, आणि पुढे काही वर्षे त्याची पद्धत अशी होती, की पहिले वर्ष मोफत आणि नंतर वर्षाला सुमारे एक डॉलर. जाहिराती घ्यायच्या नाहीत, असा त्याच्या संस्थापकांचा बाणा होता. २०१४ साली फेसबुकने हे ॲप सुमारे १९ अब्ज डॉलरांना विकत घेण्याचे जाहीर केले. जानेवारी २०१६ मध्ये वार्षिक शुल्क रद्द झाले. आणि जून २०२५ मध्ये त्याच्या 'अपडेट्स' या भागात जाहिराती दाखवण्याची घोषणा झाली. शुल्क गेले, पण ॲप चालवण्याचा खर्च थोडाच गेला होता? तो दुसऱ्या वाटेने वसूल होऊ लागला, एवढेच.

येथे अर्थशास्त्रातील एक साधी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आई मेथीची एक जुडी विकते तेव्हा तिच्या पाटीतली एक जुडी कमी होते. ॲपचे तसे नाही. पहिली प्रत तयार करायला महिनोन् महिने लागतात, पगार द्यावे लागतात; दुसऱ्या आणि लाखाव्या प्रतीला मात्र जवळजवळ काहीच खर्च येत नाही. म्हणून ॲप फुकट वाटणे शक्य होते. परंतु खर्च तेथेच संपत नाही. मोबाईलची यंत्रणा दरवर्षी बदलते, तिच्याबरोबर ॲपही दुरुस्त करीत राहावे लागते. आपली माहिती साठवणाऱ्या दूरच्या संगणकांचे भाडे भरावे लागते. हा खर्च कोणीतरी देतोच. तो कोण देतो आणि कशाच्या रूपाने देतो, हाच खरा प्रश्न आहे.

या दृष्टीने पाहिले तर फुकटच्या ॲप्सचे तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार जाहिरातींवर चालणाऱ्या ॲप्सचा. येथे आपण पैशांऐवजी वेळ देतो, आणि पुष्कळदा आपली माहितीही. अमेरिकेतील एक प्रकरण यादृष्टीने बोधप्रद आहे. तेथे 'ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट' नावाचे एक फुकट ॲप कोट्यवधी लोकांनी घेतले होते. काम काय, तर मोबाईलची बॅटरी लावणे. परंतु वापरणारा कोठे आहे, ही माहिती ते परस्पर जाहिरातदारांना पुरवत असल्याचा ठपका तेथील व्यापार आयोगाने डिसेंबर २०१३ मध्ये ठेवला. दिवा लावायला आपला ठावठिकाणा कशाला हवा? हा प्रश्न प्रत्येक फुकट ॲप घेताना विचारावा.

दुसरा प्रकार गळाला लावलेल्या आमिषाचा. आरंभी काही दिवस सर्व मोफत, आणि मग दार बंद. माझा बळी याच प्रकाराने घेतला. त्याची कथा पुढे येईलच.

तिसरा प्रकार पाणपोईचा. उन्हात वाटसरू पाणी पितो, त्याला कोणी पैसे मागत नाही. पण रांजण कोणीतरी रोज भरत असतो. व्हिडिओ पाहण्याचे व्ही. एल. सी. हे ॲप असेच आहे. १९९६ साली फ्रान्समधील 'एकोल सेंत्राल पारी' या संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून, म्हणजे तुमच्याआमच्यासारख्यांच्याच हातून, त्याचा उगम झाला, आणि २००१ पासून ते मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले आहे. त्यात जाहिरात नाही. विकिपीडिया वाचकांच्या देणग्यांवर चालतो. २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडिया तर स्वयंसेवकांनीच लिहिला आहे. आपल्या वाईच्या मराठी विश्वकोशाचे खंड आज संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. त्यांचा खर्च शासन, म्हणजे पर्यायाने आपणच, केलेला आहे. गरिबाच्या मुलाने आधी पाणपोई कोठे आहे ते शोधावे, असे मला मनापासून वाटते.

विकतच्या ॲप्सचेही असेच तीन प्रकार आहेत. एकदाच किंमत देऊन घ्यायचे; दरमहा वा दरसाल भाडे भरायचे; आणि खेळातली नाणी, हत्यारे, पोशाख असे तुकड्यातुकड्याने विकत घ्यायचे. यांपैकी तिसऱ्यात किती खर्च होईल याला सीमाच नसते. त्यापासून दूर राहिलेले बरे. भाड्याची पद्धत पूर्वी मुख्यतः वृत्तपत्रे, संगीत अशा थोड्या प्रकारांनाच लागू होती. जून २०१६ मध्ये ॲपलने ती सर्व प्रकारच्या ॲप्सना खुली करण्याचे जाहीर केले आणि मग तिचा विस्तार झाला. ॲप तयार करणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर यात अन्याय नाही. दुरुस्ती कायमची, तर मिळकत एकदाच कशी पुरेल? परंतु आपल्या बाजूने पाहता, भाडे थांबले की घर सोडावे लागते, हे विसरून चालणार नाही.

आता माझी कथा. मी घरातली पहिलीच कॉलेजात आलेली मुलगी. वर्गात इंग्रजीत प्रश्न विचारला की माझी मान आपोआप खाली जाते. अशा मनःस्थितीत इंग्रजी संभाषण शिकवणाऱ्या एका ॲपची जाहिरात दिसली : सात दिवस मोफत, नंतर महिना फक्त १२५ रुपये. १२५ हा आकडा ठळक होता. पैसे मात्र वर्षाचे एकदम कापले जातील, हे खाली बारीक अक्षरांत होते. नकाराच्या बटनावर लिहिले होते, "नको, मला प्रगती करायची नाही." ते बटन दाबायला माझा हात धजावला नाही. आमच्या घरी स्मार्टफोन एकच; दिवसा तो आईजवळ असतो, संध्याकाळी माझ्याजवळ. आईच्याच खात्यातून मी यूपीआयची आपोआप पैसे देण्याची मंजुरी दिली. दोन दिवसांत ॲप निरुपयोगी वाटले, तिसऱ्या दिवशी ते काढून टाकले आणि मी निश्चिंत झाले.

येथेच माझे चुकले. ॲप मोबाईलमधून काढले म्हणून त्याचे सदस्यत्व रद्द होत नाही. भाड्याच्या खोलीला कुलूप लावून गावी गेले तरी भाडे चालूच राहते, तसे ते आहे. ते रद्द करण्यासाठी प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर बोट ठेवून 'सबस्क्रिप्शन्स' या भागात जावे लागते. यूपीआयच्या ॲपमधील 'ऑटोपे' या भागातूनही मंजुरी मागे घेता येते. रिझर्व्ह बँकेचा नियम असा, की असे ठरावीक काळाने कापले जाणारे पैसे वजा होण्यापूर्वी किमान २४ तास ग्राहकाला सूचना मिळाली पाहिजे. ती सूचना आलीही होती. आई तेव्हा बाजारात होती आणि संदेश इंग्रजीत होता. आई चौथी शिकलेली आहे. नियम पाळला गेला. पण सूचना मात्र पोचली नाही.

पैसे परत मिळावेत म्हणून मी दोनदा लिहिले. उत्तर आले नाही. नंतर कळले, की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ फसव्या रीतींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. सदस्यत्व रद्द करण्याची वाट दडवणे त्यात आहे, आणि नकार देणाऱ्याला लाजवणारे शब्द वापरणे हेही त्यात आहे! म्हणजे त्या बटनापाशी माझा जो हात थांबला, तो केवळ माझ्या भित्रेपणाने नव्हे. कोणीतरी तो जाणूनबुजून थांबवला होता. हे वाचून मला, खरे सांगायचे तर, थोडे हायसे वाटले. अशा वेळी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. मला ते फार उशिरा समजले. तुम्हाला वेळेवर समजावे.

मग पैसे मोजावेत की नाही? याचे उत्तर मला पुस्तकात सापडले नाही, आईने दिले. सर्व हकीकत ऐकून ती म्हणाली, "रोजचा तवा आपण इकत घेतो. लग्नातली मोठाली पातेली चार दिवस भाड्यानं आणतो, आन् चार दिवसांनी परत करतो. वरीसभर कोण ठेवतंय?" अर्थशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याने टिपून ठेवावे असे हे सूत्र आहे.

त्याचा अर्थ मी असा लावते. जे ॲप रोज लागते, ज्यावाचून आपले काम अडते, ते एकरकमी किमतीला मिळत असेल तर जरूर विकत घ्यावे. पण आधी महिनाभर फुकट वापरून ते खरोखर रोज उघडतो का ते पाहावे. जे केवळ परीक्षेच्या हंगामात लागते, ते एक महिन्याच्या भाड्याने घ्यावे; वर्षाचे स्वस्त पडते या मोहात पडू नये, आणि घेतल्या दिवशीच पुढचे सदस्यत्व रद्द करून टाकावे; बहुधा भरलेल्या मुदतीपर्यंत ते चालूच राहते. महिन्याचा आकडा दिसला की त्याला बाराने गुणावे. आणि पाणपोईचे पाणी रोज पिणाऱ्याने, हातात चार पैसे आले की रांजणात एक घागर ओतावी.

या कसोटीवर मी स्वतः एकच ॲप विकत घेतले आहे. तो एक इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. महिनाभर जाहिरातींसह वापरला, रोज लागतो अशी खात्री पटली आणि मग १५० रुपये एकदाच भरले. तो नेटशिवाय चालतो, म्हणून एस. टी. तही उपयोगी पडतो. आईने याही वेळी विचारलेच, "काय घेतलंस ते दाखव."

त्या दिवशी बँकेचा एक संदेश आलेला होता. शब्दकोशात दोन शब्द पाहून मी तो तिला मराठीत वाचून दाखवला. तिने तो पुन्हा एकदा वाचायला सांगितला. आता बाजारातून आली की हात धुऊन ती आधी मोबाईल माझ्यापुढे धरते आणि म्हणते, "वाच, आज काय आलंय ते."