स्फटिकांची अंधारातली परीक्षा

समुद्राखालून जाणाऱ्या तारेची तपासणी करायला विलोबी स्मिथला मोठा आणि स्थिर विद्युत् रोध हवा होता. त्यासाठी त्याने स्फटिकरूप सिलिनियमच्या कांड्या निवडल्या. पाच ते दहा सेंटिमीटर लांब, जाडी जेमतेम एक-दीड मिलिमीटर, काचेच्या नळीत हवाबंद केलेल्या, दोन्ही टोकांना प्लॅटिनमची तार. पण मोजमापं काही केल्या जुळेनात. शोध घेतला तेव्हा कळलं, की पेटीचं झाकण लावलं की रोध चढतो आणि स्थिर राहतो, झाकण सरकवलं की घसरतो. काही फुटांवरच्या गॅसबत्तीपुढे नुसता हात आडवा धरला तरी १५-२० टक्क्यांचा फरक पडे. फेब्रुवारी १८७३ मध्ये हे 'नेचर'मध्ये छापून आलं आणि प्रकाशसंवाहकतेचा इतिहास सुरू झाला.

उजेडाचा कण पुरेशा ऊर्जेचा असेल, तर तो स्फटिकात जखडलेला इलेक्ट्रॉन मोकळा करतो आणि वीज वाहू लागते. कुठल्या स्फटिकाला कुठला उजेड दिसेल, हे त्या जखडणीच्या ताकदीवर ठरतं. या दीडशे वर्षांकडे पाहताना सगळे उजेडाचंच कौतुक करतात. मला मात्र खरी प्रगती अंधारात दिसते. उजेड नसताना जो स्फटिक वीज अजिबात झिरपू देत नाही, तोच कामाचा.

अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८० मध्ये सिलिनियमच्याच आधाराने सूर्यकिरणावरून २१३ मीटरपर्यंत आवाज पोचवला. जगदीशचंद्र बोस यांना १९०४ मध्ये विद्युत् लहरी टिपणाऱ्या गॅलेना स्फटिकाच्या ग्राहकाचं पेटंट मिळालं. गॅलेना म्हणजे लेड सल्फाइड, आणि याच संयुगाने पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अवरक्त किरण टिपले.

झेरॉक्स यंत्राने हा अंधाराचा प्रश्न सर्वात स्पष्ट मांडला. चेस्टर कार्लसनने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी गंधक चढवलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून पहिली प्रत काढली. पत्र्यावरचा विद्युत् भार उजेड पडेल तिथून निघून जातो, अक्षरांच्या सावलीत टिकतो, आणि तिथेच भुकटी चिकटते. १९५९ च्या 'झेरॉक्स ९१४'मध्ये गंधकाच्या जागी सिलिनियम आलं, पण स्मिथच्या कांड्यांतलं करडं, स्फटिकी नव्हे. करडं सिलिनियम अंधारातही भार गळू देतं. म्हणून धातूच्या नळकांड्यावर सिलिनियमचा अस्फटिकी, काचेसारखा थर द्यावा लागला.

कॅडमियम सल्फाइड घराघरांत पोचलं ते एलडीआर, म्हणजे उजेडानुसार बदलणारा रोधक बनून. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला एलडीआर निरखून पाहा. चकतीवर नागमोडी रेघ असते. धातूच्या दोन पट्ट्यांमधली ती अरुंद, लांबलचक फट उजेडातला रोध कमी ठेवते. कॅमेऱ्यांचे प्रकाशमापक आणि रस्त्यावरचे दिवे यावर चालले. दोष एकच: उजेड गेला तरी त्याला लगेच विसर पडत नाही. स्फटिकातल्या दोषस्थानी अडकलेले भार हळूहळू सुटतात. शिवाय कॅडमियम विषारी, त्यामुळे युरोपने २००६ पासून त्यावर निर्बंध आणले.

१९५९ मध्ये इंग्लंडमधल्या माल्व्हर्नला मर्क्युरी कॅडमियम टेल्युराइड तयार झालं. पारा-कॅडमियमचं प्रमाण बदलून हवा तो अवरक्त पट्टा निवडता येऊ लागला, पण त्याच्या अनेक संवेदकांना अंधारात गप्प ठेवायला द्रव नायट्रोजनची उणे १९६ अंशांची थंडी लागते. उलट पाऱ्याऐवजी थोडं जस्त मिसळलेला कॅडमियम झिंक टेल्युराइड साध्या तापमानाला शांत राहतो. त्याचे ६४ संवेदक २०१५ मध्ये भारताच्या 'अॅस्ट्रोसॅट' उपग्रहावरून अवकाशात गेले. उपकरणाच्या उभारणीत मुंबईच्या टीआयएफआरचा मोठा वाटा, आणि त्याची माहिती हाताळली पुण्याच्या आयुकाने. क्रॅब स्पंदकाच्या क्ष-किरणांचं ध्रुवण या स्फटिकांनी मोजलं, याचा मला मनापासून अभिमान आहे.

आता सगळ्यांची नजर पेरोव्स्काइट कुळातल्या स्फटिकांवर आहे. त्यातल्याच सीझियम-शिसे-हॅलाइडची प्रकाशसंवाहकता मोलरने १९५८ मध्येच नोंदवली होती. २००९ मध्ये मियासाकांच्या गटाने याच कुळातले पदार्थ सौरघटात वापरले, तेव्हा कुठे जग जागं झालं. हे स्फटिक द्रावणातून, स्वस्तात वाढतात आणि शिशामुळे क्ष-किरण छान शोषतात. मात्र विजेचा दाब दिला की आतले आयनच सरकू लागतात आणि अंधारातला प्रवाह एका जागी ठरत नाही. प्रयोगशाळांमध्ये सध्या झगडा चालू आहे तो हे आयन जागेवर रोखण्याचा.